थुंकी निगेटिव्ह, खोकला तसाच

खोकल्याला तीन आठवडे झाले. संध्याकाळी अंग तापतं, वजन उतरतंय. आणि क्षयासाठी, म्हणजे टीबीसाठी तपासलेल्या थुंकीचा अहवाल आला: निगेटिव्ह. घरचे म्हणतात, सुटलो. इतक्यात नाही.

[दृश्य: प्रयोगशाळा, काचपट्टी रंगवताना]

बेडक्याचा पातळ थर काचपट्टीवर पसरला जातो. त्यावर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग घालून वाफ येईपर्यंत गरम करतात, उकळू देत नाहीत. मग आम्लाने धुतात. क्षयाचे जंतू तरीही लाल रंग सोडत नाहीत. बाकी सगळं मेथिलीन ब्लूने निळं होतं. तेलाच्या भिंगाखाली १०० क्षेत्रं पाहिली आणि एकही लाल काडी दिसली नाही, की अहवाल निगेटिव्ह. पण काडी दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात साधारण ५,००० ते १०,००० जंतू लागतात. लहान मुलं, एचआयव्हीबाधित, फुफ्फुसात अजून पोकळी न झालेले रुग्ण यांच्यात तेवढे जंतू नसतातच.

[दृश्य: सकाळ, उघडी जागा, नमुन्याची डबी]

नमुनाही नीट हवा, आणि बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. डबीत नुसती लाळ असेल तर कितीही महागडं यंत्र आणा, व्यर्थ. सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून घट्ट बेडका काढायचा. दोन ते पाच मिलिलिटर पुरे. हे उघड्यावर करायचं, बंद खोलीत नाही. बेडका सुटतच नसेल तर रुग्णालयात मिठाच्या तीव्र द्रावणाची वाफ देतात. लहान मूल बेडका गिळतं. त्याच्या पोटातला द्राव सकाळी उपाशीपोटी नळीने काढतात.

[दृश्य: सीबीनॅट यंत्र]

आता जनुकीय तपासणी, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणं. सीबीनॅट या यंत्रासाठी नमुन्याच्या दुप्पट द्रावण मिसळतात, पंधरा मिनिटं ठेवतात, मधे हलवतात आणि दोन मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये भरतात. सुमारे दोन तासांत उत्तर, रिफाम्पिसिन हे टीबीवरचं मुख्य औषध लागू पडेल का यासकट. मिलिलिटरला सव्वाशे-दीडशे जंतूही याला पुरतात. अशीच तपासणी करणारं, गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालतं, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातही बसवता येतं. रिफाम्पिसिनसाठी मात्र त्यात वेगळी चिप लागते.

पूर्वी टीबीचे उपचार झालेल्यांत जनुकीय तपासणी मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडू शकतं. तिथे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं हवं. द्रव माध्यमात जंतू वाढले नाहीत, असं ठरवायला ४२ दिवस थांबावं लागतं.

[दृश्य: छातीचा एक्स-रे, प्रकाशपेटीवर]

फोटोत वरच्या भागात डाग दिसला की टीबीची शंका येते. पण जुना वण, कर्करोग, दगडखाणीतल्या कामगारांना धुळीने होणारा सिलिकोसिस, हेही तसेच दिसू शकतात. जुना फोटो असेल तर शेजारी ठेवून पाहा. रक्तातल्या अँटिबॉडीच्या टीबी चाचण्यांवर तर भारतात २०१२ पासून बंदी आहे. त्वचेत टोचून करायची मांटू चाचणी जंतुसंसर्ग झाल्याचं सांगते, आजार आत्ता आहे का हे नाही.

या काळात खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक देऊ नये. ते टीबीच्या जंतूंनाही दाबतं. रुग्णाला चार दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं.

जनुकीय तपासणीही निगेटिव्ह आली तर दुसरा चांगला नमुना, एचआयव्ही आणि साखरेची तपासणी, गरज पडल्यास दुर्बिणीने फुफ्फुसातला द्राव. तरीही जंतू सापडला नाही, पण लक्षणं आणि फोटो टीबीकडेच बोट दाखवत असतील, तर डॉक्टर उपचार सुरू करू शकतात. अशा रुग्णाचं वजन दोन महिन्यांनीही वाढलं नाही, फोटोही तसाच राहिला, तर गोळ्या तशाच पुढे ढकलायच्या नाहीत. निदान पुन्हा तपासायचं.