वेलस्लीला दाद देताना

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, मी कळवलेला विषय ‘वेलस्लीचं कौतुक’ असा होता. वेलस्ली म्हणजे असईला शिंदे-भोसल्यांना हरवणारा कंपनीचा सेनापती, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. पत्रिकेत तो ‘असईची लढाई : एक चिंतन’ असा छापून आलाय. मूळ विषय छापला असता तर हॉल रिकामा राहिला असता, किंवा नको इतका भरला असता.

कारण माझा अनुभव असा की या माणसाबद्दल बरं बोललं की तिसऱ्या रांगेतून कोणीतरी उठतं आणि म्हणतं, ‘तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?’ एका ठिकाणी तर आधी माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग आजोळ. मी म्हटलं, पत्रिका जुळवताय का? मुरारबाजीच्या शौर्याला दिलेरखानानं दाद दिली, ही बखरीतली गोष्ट आपण पोरांना तिखटमीठ लावून सांगतो. म्हणजे शत्रूनं आपल्याला दाद द्यावी, ते चालतं. आपण द्यायची वेळ आली की घसा बसतो.

असो. 23 सप्टेंबर 1803. शिंदे-भोसल्यांची फौज केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उतरलेली. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात. वेलस्लीच्या मदतीला येणारी स्टीव्हन्सनची तुकडी अजून लांब आणि समोर शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीनं वाटाड्यांना विचारलं, नदीला दुसरीकडे कुठे उतार आहे का? ते म्हणाले, नाही. त्यानं पाहिलं तर एका काठाला पिंपळगाव, समोरच्या काठाला वरूड. तो म्हणाला, इतकी जवळ दोन गावं, मग मध्ये उतार असणारच.

नदीकाठी घर असलेल्यांनी हात वर करा. बघा! तुम्हाला हे सांगावं लागत नाही. समोरच्या गावात लेक दिलेली असते, आत्या असते, आठवड्याचा बाजार असतो, हरवलेली म्हैस असते. पण हे त्या दिवशी सुचलं कोणाला? आयर्लंडात जन्मलेल्या चौतिशीतल्या माणसाला. आणि वाटाडे मुद्दाम खोटं बोलले असतील, तर त्यांनाही माझा नमस्कार.

उतार निघाला. वेलस्ली मराठ्यांच्या बगलेवर आला. पण गंमत पुढेच आहे. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा प्रमुख पोलमन, हा हॅनोव्हरचा. त्यानं एवढी मोठी फळी तोफांसकट फिरवून पुन्हा त्याच्यासमोर उभी केली. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हतं. आपले गोलंदाज (‘आपले’ म्हणतो, पण त्यांत उत्तर हिंदुस्थानातले पुष्कळ होते, आणि त्याच्याकडे तर मद्रासी पलटणी आणि चक्क पेशव्यांचे स्वार!) तोफांशेजारी मेल्याचं सोंग करून पडले, इंग्रजांची रांग पुढे गेल्यावर उठले आणि पाठीमागून तोफा डागल्या. त्याचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. त्याच्याखालचे दोन घोडे गेले. वॉटर्लूनंतरही, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, या प्रश्नाला त्याचं उत्तर होतं, असई.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मुख्य मुद्दा राहिलाच, भरभर सांगतो. वेलस्ली नशीबवान होता, फितुरीनं जिंकला, असं म्हटलं की आपली सुटका होते. त्याची हुशारी मान्य केली की पुढचा प्रश्न विचारावा लागतो. गोलंदाज जागेवर मरत होते तेव्हा दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले कुठे होते? ते मैदान सोडून गेले होते. हजारो घोडदळानं काय केलं? फारसं काही नाही. कंपनीशी युद्ध जुंपताच शिंद्यांचे इंग्रज अधिकारी नोकरी सोडून गेले, त्यांच्या जागी माणसं तयार होती का?

दुसरं, कौतुकात सगळं बसत नाही. त्याच डिसेंबरात भोसल्यांच्या गाविलगड किल्ल्यावर शिबंदीची जी कत्तल झाली, तीही त्याच्याच खाती.

तिसरं, आणि चिठ्ठी पुन्हा आलीय, बापू गोखले. 1803 मध्ये ते पेशव्यांच्या पथकासह वेलस्लीच्या छावणीत होते. अहमदनगरची पेठ पडली तेव्हा त्यांनी पुण्याला लिहिलं म्हणतात : हे इंग्रज अजब, यांचा सेनापती त्याहून अजब, सकाळी आले, तट बघितला, चढून गेले, शिबंदी मारली आणि न्याहारीला परत. तेच बापू 1817 मध्ये खडकीला इंग्रजांवर चालून गेले आणि पुढच्या फेब्रुवारीत अष्टीला लढताना पडले. त्यांना कोणी विचारलं नाही, कोणाच्या बाजूचे म्हणून.

उरलेलं चहाच्या टेबलापाशी. तोफांच्या आकड्यावर भांडायचं असेल त्यांनी आधी बिस्किटं घ्यावीत, वेळ लागेल.