कोणता अनुस्वार गेला, कोणता राहिला

नमस्कार, श्रोतेहो. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम केले आणि १९७२ साली चारांची भर पडून ते १८ झाले. आपल्या इंदुरातल्या घरांतून मात्र जुनी आणि नवी अशा दोन्ही पद्धती अजून शेजारी शेजारी नांदतात. त्यांतला अनुस्वाराचा नियम नीट ऐका: ज्याचा उच्चार होत नाही, तो अनुस्वार लिहू नये. त्यामुळे 'नांव'चे 'नाव' झाले आणि 'केलें'चे 'केले'.

रामबागेतल्या आमच्या एका नातलगांकडे लग्न निघाले. पत्रिकेचा मसुदा आजोबांनी लिहिला आणि त्यात 'आमचे येथें', 'आशीर्वादानें' अशी टिंबे जुन्या वळणाने दिली. मराठी विषय घेऊन एम. ए. करणाऱ्या नातीने ती लाल शाईने खोडली. छापखान्यातल्या हिंदीभाषक जुळाऱ्याने खाडाखोड पाहून मराठीत आता टिंबच नसते असा अर्थ घेतला आणि सगळीच काढून टाकली. कच्ची प्रत आजोबा ओसरीवर मोठ्याने वाचू लागले आणि 'दादासाहेबाचा नातू' येथे थबकले. "अगं, मला या वयात अरेतुरेवर आणलंत की!" पुढे 'आप्तेष्टानी अगत्य यावे' होतेच. नात शेजारी बसली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही बोलता तसं म्हणून दाखवा. जे टिंब ऐकू येईल, तेवढंच देऊ." आजोबांनी 'येथे' म्हटले, नाकात काही उमटले नाही. 'दादासाहेबांचा' म्हणताना मात्र अनुस्वार स्पष्ट वाजला. मग त्यांनी स्वतःच लेखणी घेतली आणि अनेकवचनाची व आदरार्थी अशी सारी टिंबे परत बसवली. छापण्यापूर्वी पत्रिका घरच्या वडीलधाऱ्यांनी मोठ्याने वाचलीच पाहिजे आणि तारखेबरोबर तिथीही घातलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तेव्हा पुन्हा सांगतो: न उच्चारलेला अनुस्वार गेला, उच्चारलेला राहिला. आजोबांच्या जुन्या पत्रांतली टिंबे त्या काळच्या नियमांनुसार बरोबरच आहेत. ती कोणी दुरुस्त करीत बसू नये.

आपल्या मुलांना आणखी एक अडचण येते. शाळेत हिंदीच्या वहीत ती 'कवि', 'गुरु' असे ऱ्हस्व लिहितात, तर मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, म्हणून 'कवी' आणि 'गुरू'. मात्र हेच शब्द समासात आधी आले की ऱ्हस्व राहतात: कविसंमेलन, गुरुपौर्णिमा. 'आणि' हा शब्दही ऱ्हस्वच लिहावा.