पाना किती ओढायचा?

मंडळी, सयाजीरावांनी १८९० साली याच शहरात कलाभवन काढलं, ते हातातलं कसब आणि त्यामागचं शास्त्र एकत्र शिकवायला. त्यामुळे बोल्ट हातानं किती आवळायचा, हा विषय वडोदऱ्यात मांडताना मला विशेष आनंद होतो आहे.

मकरपुऱ्यातल्या एखाद्या जुन्या फिटरला विचारा. तो म्हणेल, ‘हाताला कळतं.’ खरं आहे, पण काय कळतं? बोल्ट आवळताना आपण तो किंचित ताणतो, आणि त्या ताणामुळे दोन भाग एकमेकांवर दाबून राहतात. हाताला हा ताण जाणवत नाही. जाणवतो तो पान्याला होणारा विरोध. आपल्या जोराचा साधारण नव्वद टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. गंजलेला बोल्ट म्हणूनच फसवतो: हाताला घट्ट, प्रत्यक्षात सैल. तेल लावलेल्याचं उलटं. कोरड्या बोल्टसाठी दिलेला जोर त्याला लावला, तर तो गरजेपेक्षा बराच जास्त ताणला जातो. तेव्हा आधी तारेचा ब्रश घेऊन आटे साफ करा. माझ्या मते निम्मं काम तिथंच होतं.

आता हिशेब. एम-८ चा, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचा, ८.८ ग्रेडचा (हा ताकदीचा दर्जा) कोरडा बोल्ट; त्याला १३ चा पाना बसतो. त्याला साधारण २५ न्यूटन-मीटर लागतात; न्यूटन-मीटर हे पिळाच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं माप, ओढ गुणिले मध्यापासूनचं अंतर. मध्यापासून १५ सेंटिमीटरवर धरलं तर ओढ झाली १७ किलो. एम-६ ला १० न्यूटन-मीटर पुरतात, एम-१२ ला ८५ च्या आसपास लागतात. हात मात्र सवयीनं सगळीकडे सारखाच चालतो. मग लहान बोल्टचे आटे जातात आणि मोठे सैल राहतात. पान्याला पाइप चढवला की अंदाज संपलाच.

हात बसवायला सामान तोलायचा हुकाचा काटा घ्या. व्हाइसमध्ये दोन पट्ट्या धरून त्यात बोल्ट घाला, पान्याला १५ सेंटिमीटरवर काटा अडकवा, काटकोनात सावकाश ओढा आणि १७ वर थांबा. दुसरा बोल्ट नुसत्या हातानं आवळा. मग काटा लावून बघा, तो पुढं सरकायला किती किलो लागतात.

ओढीबरोबर फेराही बघा. नव्या वॉशरचा १४ मिलिमीटरचा स्पार्क प्लग बोटांनी टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्यानं अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. आवळता आवळता विरोध वाढायचा थांबला, पाना मऊ चालू लागला, तर तिथंच थांबा. बोल्ट लांबतो आहे किंवा आटे सुटताहेत. असा बोल्ट पुन्हा वापरू नका, आणि समोरचे आटेही तपासा.

सिलिंडर हेड, ब्रेक, चाकाचे नट इथं मात्र टॉर्क रेंच, म्हणजे टॉर्क मोजणारा पाना, आणि कंपनीनं दिलेला आकडाच हवा, हात कितीही मुरलेला असो. मागच्या टेबलावर व्हाइस, काटा आणि बोल्ट ठेवले आहेत. ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी या.