केर्नुन्नोस : शिंगवाल्या देवाचं नाव

हा दगड जरा जवळून पाहा. दाढीवाला चेहरा, डोक्यातून फुटलेली हरणाची शिंगं आणि दोन्ही शिंगांत अडकवलेलं एकेक जाड कडं. प्राचीन युरोपातले केल्ट लोक असं कडं गळ्यात घालत. पाहिलं की आपली सरी आठवते.

१७११ साली पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली खोदकाम चालू असताना हा दगड सापडला. रोमन सम्राट तिबेरियसच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, सीन नदीवरच्या नावाड्यांनी एक खांब उभारला होता, त्याचा हा तुकडा. शिंगांच्या वर नाव कोरलंय : केर्नुन्नोस. त्यातलं पहिलं अक्षर आता गेलंय. दगड सापडला तेव्हा कुणीतरी त्याची चित्रं काढून ठेवली, म्हणून ते अक्षर आपल्याला कळतं. केवढे उपकार आहेत त्या चित्रांचे!

नावाचं मूळ बहुतेक अभ्यासक गॉलिश भाषेतल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या केल्टांच्या भाषेतल्या, 'कार्नोन' या शब्दात शोधतात. कार्नोन म्हणजे शिंग. हेसिकियसच्या जुन्या ग्रीक कोशात मात्र गलाती केल्टांचा (आजच्या तुर्कस्तानात जाऊन वसलेल्या केल्टांचा) हाच शब्द 'रणवाद्य' या अर्थाने आलाय. मराठी माणसाला हे कोडं पडायचं कारण नाही. बैलाच्या डोक्यावर असतं ते शिंग, आणि फुंकतात तेही शिंगच. रणशिंग म्हणतो ना आपण! शिवाय आपलं शिंग आलं संस्कृत 'शृंग'वरून, आणि शृंग, कार्नोन, लॅटिनमधलं 'कॉर्नू' ही सगळी एकाच आदिम धातूची लेकरं.

१८९१ साली डेन्मार्कमध्ये गुंडेस्ट्रुपच्या दलदलीत चांदीचं मोठं घंगाळ मिळालं. त्यावरही शिंगवाला आहे. मांडी घालून बसलाय, एका हातात कडं, दुसऱ्या हातात मेंढ्याची शिंगं असलेला साप. त्याच घंगाळावर तिघेजण उंच रणशिंगं फुंकताना दिसतात. नाव मात्र कुठेच कोरलेलं नाही. आपण त्याला केर्नुन्नोस म्हणतो ते पॅरिसच्या दगडाच्या भरवशावर.

मोहेंजोदडोची ती प्रसिद्ध मुद्रा, शिंगं घालून बसलेल्या 'पशुपती'ची, तुम्हाला आठवली असेल. मलाही आठवते. पण मध्ये सुमारे दोन हजार वर्षं आहेत आणि दोन्ही टोकं जोडणारा पुरावा हाती नाही. तेव्हा तो धागा इथे ओढायला नको.

पॅरिसचा दगड आता तिथल्याच क्लूनी संग्रहालयात आहे. खालचा भाग हरवलाय. उरलेल्या जागेचं माप घेतलं तर उभ्या माणसाचं शरीर त्यात मावत नाही. म्हणजे तिथेही तो मांडी घालूनच बसलेला असावा.