डावा खांदा

[अंधार. काडी ओढल्याचा आवाज. रॉकेलची चिमणी पेटते.]

चिमणीची वात मुद्दाम वर काढलीय. इतकी वर, की ज्योत धूर ओकायला लागली. चाचा त्या धुरावर पोलादाचा एक ठोकळा धरतात, फिरवतात, पुन्हा धरतात. आपल्याकडं आज्या अशाच बाळासाठी काजळ धरायच्या. इथं ते बंदुकीसाठी धरलंय.

पोलाद काळं झालं की अक्रोडाच्या लाकडात कोरलेल्या खाचेत ते अलगद बसवायचं. लाकडी हातोडीनं एक टिचकी. लगेच उचलून घ्यायचं. लाकडावर जिथं काळा ठिपका उमटला तिथं लाकूड अजून जास्त आहे, बाकी ठिकाणी पोलाद अजून टेकलेलंच नाही. मग तो ठिपका, तेवढाच, पटाशीच्या कोपऱ्यानं खरवडायचा. भुसा पडत नाही, भुकटी उडते. पुन्हा चिमणी, पुन्हा टिचकी.

"असं किती वेळा करायचं, चाचा?"

"मोजत बसल्यावर काम व्हतंय व्हय?"

[गल्ली. कुठून तरी तानपुरा जुळवल्याचा आवाज.]

हे मिरज. तंतुवाद्यांच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर हे चाचांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान. शेजार विचित्र वाटेल, पण तसा तो नाही. मिरजेत सतार-तानपुरा घडवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज मुळात शिकलगार. तलवारी आणि भाल्यांना धार लावणं, पाणी देणं हा त्यांचा धंदा. इंग्रजी अंमलात तलवारीचं काम बसलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतलं. त्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. चाचांचे पणजोबा मात्र लोखंडाशीच चिकटून राहिले. "अक्कल कमी आसंल आमच्यात," असं म्हणून चाचा हसतात, आणि हसताना त्यांचा हात थांबत नाही.

[कॅमेरा बाकड्यावर. कापडात गुंडाळलेली लांब वस्तू.]

ही रायफल तासगावच्या एका ताईंची. द्राक्षबाग आहे, बेदाणा करतात. आजोबा एका छोट्या संस्थानच्या शिकारखान्यात होते. मार्च १९४८ मध्ये दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, तेव्हा निरोपाची भेट म्हणून ही मिळाली, असं घरात सांगतात. दोननळी, विलायती, लंडनची बनावट, .४७० बोअर (नळीच्या आतल्या रुंदीचं, इंचातलं, नावापुरतं माप). वजन पाच किलोच्या आसपास.

दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, मात्र मोडलेला. नेमका मनगटाजवळ, म्हणजे हाताची मूठ जिथं बसते त्या बारीक जागी, तडा गेलेला. कुणीतरी कधीतरी त्यावर पितळी तार गुंडाळलीय. तार गुंडाळली खूप सुबक, पण आत लाकूड तेलानं कुजून काळं पडलंय. वर्षानुवर्षं रायफल उभी ठेवली आणि नळ्यांचं तेल ओघळत लाकडात मुरलं. बंदूक नळी वर करून ठेवायची नाही, हे चाचा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. ऐकत कोणी नाही.

.४७० हा आकडा तसा अडनिडा. बोअरची जुनी मोजणी तरी समजण्यासारखी: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. हे चारशे सत्तर कुठून आलं?

आलं ते आपल्यामुळंच. त्या काळी मोठ्या शिकारीसाठी .४५० च्या रायफली चालायच्या. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचा बोअरही .४५० च, आणि त्यातल्या बऱ्याच नको त्यांच्या हाती गेलेल्या. शिकाऱ्यांसाठी येणारा दारूगोळा बंडखोरांना पोचेल, या धास्तीनं १९०७ मध्ये इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० चा माल आणायलाच मनाई केली. हिंदुस्थान म्हणजे लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक. ते सोडतात काय? कुणी .४६५ काढलं, कुणी .४७०, कुणी .४७५, .४७६. कायद्याच्या आकड्यातून जरा सरकायचं आणि वाघ-गव्यांचं काम तेच ठेवायचं. त्यातलं .४७० आफ्रिकेत आजही चालतं. आपल्याकडच्या एका सरकारी हुकुमानं जगभरच्या शिकारी रायफलींची मापं बदलली, ही गोष्ट मला तरी फार मजेची वाटते.

[ताई दुकानात येतात. चाचा उठून बाकडं पुसतात.]

"या ताई. पाणी घ्या आधी."

"चाचा, मला एवढंच सांगा, होणार का नाही? नाहीतर भिंतीवर लावते."

"भिंतीवर लावायला मिरजेस्तवर कशाला आला असता? हात करा पुढं. न्हाई, त्यो न्हाई. ज्या हातानं जेवण वाढता त्यो."

ताई डावा हात पुढं करतात. खरी अडचण ही. आजोबा उजवे. जुन्या दस्त्याचा कल उजव्या अंगाला, म्हणजे मागून बघितलं तर दस्ता नळीच्या रेषेपासून जरा उजवीकडं वळलेला, उजव्या गालासाठी. ताई डावखुऱ्या. त्यांनी तो डाव्या खांद्याला लावला की डोळा माशीच्या, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेच्या, रेषेत येतच नाही. मोडला नसता तरी हा दस्ता त्यांच्या कामाचा नव्हता.

डोळ्याची परीक्षा चाचा गमतीशीर घेतात. "माझ्या नाकावर बोट रोखा. दोन्ही डोळं उघडं ठेवून. आता एक मिटा." बोट ज्या डोळ्यासमोर उभं दिसतं तो मालक डोळा. ताईंचा डावाच निघाला. हात एका बाजूचा आणि डोळा दुसऱ्या बाजूचा असणारीही माणसं असतात, त्यांचं काम म्हणजे डोक्याला ताप.

मग मापाची बंदूक येते. ही चाचांच्या वडिलांनी केलेली, नळी बंद केलेली, दस्त्यात तीन ठिकाणी स्क्रू. एक फिरवला की दस्ता लांब-आखूड होतो, दुसऱ्यानं उतार, म्हणजे दस्ता नळीच्या रेषेखाली किती झुकतो ते, कमी-जास्त, तिसऱ्यानं कल. ताई डोळे मिटून बंदूक खांद्याला लावतात, मग डोळे उघडतात. चाचा समोर वाकून त्यांच्या डोळ्यात बघतात. एक आटा. पुन्हा. एक आटा. शिंप्याला कापड अंगावर चढवून बघता येतं. इथं उसवायची सोयच नाही.

"चार-पाच सूत लांब ठेवतो नेहमीपेक्षा."

"का?"

"नायतर बार निघाल्यावर तुमचा आंगठा तुमच्याच नाकावर यील."

ही थट्टा नाही. या काडतुसातली गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे ३२ ग्रॅमच्या वर. बारा बोअरच्या साध्या काडतुसातही छर्रे साधारण तेवढ्याच वजनाचे भरतात. पण छर्रे सेकंदाला चारशे मीटरच्या आतबाहेर जातात आणि ही गोळी साडेसहाशेच्या पुढं. जेवढं पुढं जाणार तेवढं मागं येणार. दस्त्याला उतार जास्त असेल तर धक्का सरळ खांद्यात न जाता नळी वर उसळते आणि दस्ता गालफडावर बसतो. उतार कमी असेल तर खांदा निमूट सोसतो. म्हणून मोठ्या बोअरचा दस्ता सरळ ठेवायचा. आणि चाप दोन आहेत, पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. मूठ ढिली पडली तर धक्क्यासरशी बोट दुसऱ्या चापावर आपटून दोन्ही बार एकदम निघू शकतात. तसं झालेला माणूस ती गोष्ट आयुष्यभर सांगतो.

[अक्रोडाची फळी. चाचा ओल्या फडक्यानं ती पुसतात, रेषा उठून दिसतात.]

फळी काश्मीरची. तिथं अक्रोडाचं झाड तोडायला सरकारी परवानगी लागते, त्यामुळं चांगली फळी हाती येणं नशिबाचं. ही चाचांनी घेऊन ठेवली तेव्हा त्यांचा धाकटा शाळेत होता. आता तो पुण्यात नोकरीला आहे आणि फळी आत्ता कुठं वाळलीय. नक्षी म्हणाल तर मागच्या टोकाला आहे, धुरासारखी. मुठीच्या जागी मात्र रेषा सरळ. चाचांनी फळी घेतली ती या सरळ रेषांसाठी, धुरासाठी नाही. मुठीत रेषा आडवी पडली की दस्ता मोडायचा मुहूर्त ठरलाच.

शेजारचा तानपुरेवाला तुणीचं लाकूड वापरतो. हलकं, घुमणारं. चाचा त्यांच्या फळीवर बोटाचं पेर मारतात: ठक. घुमत नाही. "माझं लाकूड मुकं पायजे," ते म्हणतात. "धक्का खावा आन् गप बसावं."

यंत्रणा बॉक्सलॉक आहे, १८७५ मध्ये बर्मिंगहॅमला निघालेल्या धाटणीची. चाप-घोड्याचा सगळा संसार पोलादी पेटीतच, त्यामुळं लाकूड फारसं पोखरावं लागत नाही. सगळी परीक्षा असते ती पेटीची पाठ आणि लाकडाचं तोंड जिथं भिडतं तिथं. हे भिडणं सगळीकडं सारखं पाहिजे. एकाच जागी टेकलं तर सगळा धक्का त्या एका जागेवर, आणि लाकूड तिथून उलतं. म्हणून ती काजळी. फक्त मागं निघालेल्या पोलादी पट्टीच्या टोकाशी चाचा जाणूनबुजून केसभर फट ठेवतात. तिथं भिडलं तर ती पट्टी पाचरीसारखी लाकडात घुसते. जुन्या दस्त्यात नेमकं तेच झालं होतं, हे त्यांनी तार सोडवल्याबरोबर दाखवलं.

आम्ही अकरा दिवस शूटिंग केलं. त्यातले सहा दिवस हे काजळीचंच. आमचा कॅमेरामन कंटाळला. चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, चाचा, हे सीएनसीवर होणार नाही का, कुपवाडच्या एमआयडीसीत? होईल की, चाचा म्हणाले. पण ही पेटी शंभर वर्षांपूर्वी कानशीनं घासून केलीय, तिच्या दोन बाजू एकसारख्या नाहीत. मशीनला ते कोण सांगणार?

[नळ्यांच्या खालच्या बाजूचे शिक्के, अगदी जवळून.]

नळ्यांना चाचा हात लावत नाहीत. खालच्या बाजूला बारीक अक्षरांत कोरलंय: कॉर्डाइट, ७५-५००. म्हणजे पंच्याहत्तर ग्रेन कॉर्डाइट ही दारू, पाचशे ग्रेनची गोळी. दोन्ही नळ्या एकमेकींना समांतर नाहीत, तोंडाशी किंचित जवळ येतात. उजवी उडाली की रायफल उजवीकडं झटकते, डावी उडाली की डावीकडं, ते हिशोबात धरून त्या आत वळवलेल्या. कारखान्यात एक माणूस बार काढून बघायचा, तोंडातली पाचर जराशी सरकवून पुन्हा डाख द्यायचा, पुन्हा बार. दोन्ही गोळ्या एका जागी पडेपर्यंत. त्यानं हे केलं त्या एकाच मापाच्या काडतुसासाठी. दुसरं भरलं की दोन्ही नळ्या आपापल्या वाटेनं.

काळा रंग उडाला होता, तो मात्र चाचांनी दिला. गरम रसायनाच्या हौदात बुडवून अर्ध्या तासात रंग येतो, पण तो दोननळीला वर्ज्य. त्यात नळ्यांचा डाख विरघळतो. एका मोठ्या शहरातल्या दुकानानं एका गिऱ्हाइकाच्या दुनळीचं तसंच केलं, आणि ती चाचांकडं आली तेव्हा दोन नळ्यांना जोडणारी वरची पट्टी हातात आली. इथला रंग म्हणजे गंजच. पातळ द्रावण लावून रात्रभर गंजू द्यायचं, सकाळी उकळत्या पाण्यात धरायचं, तांबूस गंज काळा होतो, मग तारेच्या ब्रशनं हलक्या हातानं पुसायचं. पुन्हा रात्री. आठ-नऊ वेळा.

[रजिस्टर. जाड, कापडी बांधणीचं.]

कागदपत्रांचं थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणं नुसत्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि कोणती बंदूक कधी आली, कधी गेली, सगळं नोंदवावं लागतं. नवी रायफल घडवणं या परवान्यात बसत नाही. ताईंच्या घरी तीन बंदुका होत्या. २०१९ च्या दुरुस्तीनं माणशी दोनच ठेवता येतात, तिसरी गेली. उरली एक शेतीरक्षणाची बारा बोअर आणि ही. प्रत्येक निवडणुकीला दोन्ही पोलीस ठाण्यात जमा होतात. आपल्याकडच्या बंदुकांइतकं मतदान कुणी जवळून पाहिलं नसेल.

आणि शिकार? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषयच नाही. ज्या जनावरासाठी हे बोअर काढलं तो गवा चांदोलीत आहे, कोयनेच्या बाजूला आहे. काही वर्षांपूर्वी तर एक थेट सांगली शहरात आला. बघ्यांची गर्दी आवरेना. वन खात्यानं त्याला पकडून जंगलात नेऊन सोडला. ताईही गेल्या होत्या बघायला. "एवढं मोठं जनावर," त्या म्हणाल्या, "आणि डोळे किती घाबरलेले." मग ही रायफल कशासाठी? "आजोबांनी मला कधी हात लावू दिला नाही. डावरी आहेस म्हणायचे."

[तेलाची वाटी. तळहात.]

जवसाचं तेल. चटणीतल्याच जवसाचं. चार थेंब, आणि तळहात गरम होईपर्यंत घासायचं. मग एक दिवस सुट्टी. पुन्हा चार थेंब. दस्ता हळूहळू गुळाच्या रंगाचा होतो.

[रेंज. सकाळ. वारा नाही.]

दोनच काडतुसं. ताई उभ्या राहतात. बसून किंवा आडवं पडून हे बोअर उडवायचं नसतं, शरीराला मागं झुकायला जागा लागते. डावा खांदा. गाल लाकडावर.

पहिला बार.

दुसरा.

सगळे निशाणाकडं धावले. चाचा गेले नाहीत. त्यांनी ताईंच्या हातातून रायफल घेतली, उघडून रिकामी केली, खिशातलं भिंग काढलं आणि पट्टीच्या टोकाशी, त्या केसभर फटीपाशी, बराच वेळ बघत राहिले. नंतर मूठ. नंतर पुन्हा फट.

"दोन्ही भोकं चार बोटांत आहेत, चाचा!" तिकडून कुणीतरी ओरडलं.

"त्ये लंडनवाल्याचं," चाचा म्हणाले. मग ताईंकडं वळून, "गाल?"

"नाही लागला."

"आंगठा?"

"नाही."

"खांदा?"

"तो लागला."

"त्यो लागायचाच," चाचा म्हणाले, आणि भिंग खिशात टाकलं.