बेडफर्डच्या तुरुंगातला प्यूरिटन

मित्रहो, प्यूरिटन, म्हणजे इंग्लंडमधले कडवे प्रोटेस्टंट धर्मसुधारक, म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा बंद नाटकगृहं आठवतात. त्यात खोटं काही नाही. सप्टेंबर १६४२ मध्ये, राजाशी युद्ध सुरू असताना, प्यूरिटनांचा जोर असलेल्या पार्लमेंटने नाटकं बंद केली, ती १६६० पर्यंत. १६४७ मध्ये नाताळालाही मनाई झाली, तेव्हा कँटरबरीत दंगल उसळली. उलट बाजू, म्हणजे राजाची, तीही काही मवाळ नव्हती. नाटकांविरुद्ध हजारावर पानांचा ग्रंथ लिहिणाऱ्या विल्यम प्रिन या प्यूरिटनाचे कान राजाच्या न्यायालयाने त्याआधीच कापवले होते.

पण एवढ्यावरच प्यूरिटनांचा हिशेब मिटवला, तर त्या शतकातलं साधं, थेट इंग्रजी गद्य कुठून आलं हे उमगणार नाही. बायबल प्रत्येकाने स्वतः वाचावं आणि आपलं मन रोज तपासावं, हा त्यांचा आग्रह. मन तपासायची सवय लागली की लिहायलाही विषय मिळतो, आणि तो मिळायला दरबारी असावं लागत नाही.

जॉन बन्यनच पाहा. बेडफर्डजवळच्या एल्स्टोचा, जन्म १६२८ चा. धंदा भांड्यांना डाग देण्याचा. लग्न झालं तेव्हा घरात धड एक ताट-चमचाही नव्हता, असं तो स्वतःच सांगतो. बायकोने माहेरून आणली होती दोन धार्मिक पुस्तकं. पुढे हा माणूस प्रवचनं करू लागला. युद्धानंतर गेलेली राजेशाही परतली आणि नोव्हेंबर १६६० मध्ये त्याला पकडलं. प्रवचन सोडतो म्हण, तुला सोडतो, एवढीच अट होती. त्याने ती मानली नाही आणि बारा वर्षं तुरुंगात काढली. नाड्या तयार करून घर चालवलं. थोरली मुलगी अंध होती.

१६६१ च्या ऑगस्टमध्ये त्याची दुसरी बायको एलिझाबेथ न्यायाधीशांपुढे उभी राहिली. वयाने लहान, पदरी सावत्र मुलं. नवरा डाग देणारा आणि गरीब आहे, म्हणूनच त्याला तुच्छ लेखतात आणि न्याय मिळत नाही, हे तिने भर बैठकीत सुनावलं. इंग्लंडच्या सामाजिक इतिहासातला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

१६७८ मध्ये बन्यनचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ आलं, स्वर्गाकडे निघालेल्या यात्रेकरूची रूपककथा. त्यातल्या मायाबाजारात घरं, जमिनी, पदव्या, राज्यं, सगळं विकायला आहे. तिथे निष्ठावंत नावाच्या यात्रेकरूवर खटला चालतो. न्यायाधीशाचं नावच सज्जनद्वेष्टा, आणि पंचांत पहिला बसलाय आंधळा! हे न्यायालय त्याने ऐकीव माहितीवर रंगवलेलं नाही.

कवी जॉन मिल्टनविषयी आज थोडक्यात. तो प्यूरिटनांच्याच बाजूचा. तरी पुस्तकं छापण्याआधी परवाना लागेल असं पार्लमेंटने ठरवलं, तेव्हा १६४४ मध्ये ‘अ‍ॅरिओपॅजिटिका’ लिहून तो स्वपक्षाच्याच विरोधात गेला. ज्यांनी रंगभूमीला टाळं ठोकलं, त्यांच्याच गोटातून ग्रंथस्वातंत्र्याची ही एवढी मोठी मांडणी आली. दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवल्याशिवाय या चळवळीचं मोजमाप होत नाही.

बन्यनचं हे पुस्तक हरि केशवजींनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणलं, मराठीतली पहिली कादंबरी मानल्या जाणाऱ्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’च्या सोळा वर्षं आधी. आपल्या कादंबरीच्या इतिहासात त्याची नोंद एखाद्या ओळीत उरकतात. माझ्या मते त्याला स्वतंत्र प्रकरण हवं.