गमबूट घेताय? मग पाय कुठे पडणार ते आधी ठरवा

मृग जवळ आला की सिंधुदुर्गातल्या कुठल्याही बाजारपेठेत हार्डवेअरच्या दुकानाबाहेर हे दिसतं, ताडपत्र्यांचे गठ्ठे, खोऱ्यांचे दांडे आणि वर सुतळीने जोडी-जोडीने बांधून लटकवलेले काळे गमबूट. गिऱ्हाईक येतं, किंमत विचारतं, अंगठ्याने बूट दाबून बघतं, नऊ नंबर आहे ना, द्या, झालं. पायात घालून बघायची पद्धतच नाही, कारण बाहेर पाऊस, पाय चिखलाचे आणि दुकानदार पण म्हणतो अहो सगळे सारखेच. मग गणपतीला त्याच घरी गेलात तर ते बूट पडवीच्या कोपऱ्यात उभे, अगदी नव्यासारखे. टाच सोलते, वरची कड पोटरीला घासते, आत घामाचं तळं होतं, कोण घालणार? म्हणजे टिकाऊ बूट घेतला आणि तो खरंच टिकला, कारण कोणी घातलाच नाही.

आता ही भाताची लावणी बघा. पोटऱ्यांपर्यंत चिखल आणि सगळ्या बायका अनवाणी. बाहेरून कॅमेरा घेऊन येणारे (आमच्यासारखे) पहिला प्रश्न हाच टाकतात, गमबूट का नाही घालत तुम्ही? त्यावर इथल्या एका काकींनी मान वर न करता उत्तर दिलं, “बूट थंयच रवतलो, पाय तेवडो वर येतलो.” आणि बरोबरच आहे त्यांचं. चिखलणी झालेल्या मळ्यात पाय रुतला की बुटाखाली हवा शिरायला वाटच राहत नाही, चिखल बूट धरून ठेवतो आणि ढगळ बुटातून पाय सुटून येतो. जपानात भाताच्या खाचरासाठी वेगळेच बूट मिळतात, पातळ रबराचे, पायाला मोज्यासारखे चिकटून बसणारे, वर पट्ट्याने आवळायचे. आपल्या बाजारातला गमबूट त्या कामाचा नाहीच, उगाच त्याच्याकडून ती अपेक्षा करू नये.

मग तो कामाचा कुठे? बांधावर, सड्यावरच्या म्हणजे कातळपठारावरच्या गवतात, गोठ्यात, शेणखत ओढताना, काजूच्या बागेत. म्हणजे जिथे चालायचं आहे तिथे. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी निवड झालीच, कारण बूट आपल्याला चालण्यासाठी घ्यायचाय.

सापाचं आधी बोलू. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात साप चावून सुमारे 12 लाख माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार, बहुतेक खेड्यातली आणि त्यातली निम्मी तर जून ते सप्टेंबरमधली. दंश जास्त करून पायावरच होतो. आणि कोकणातलं फुरसं म्हणजे लहानखुरं जनावर, दगडाच्या आणि पाचोळ्याच्या रंगात मिसळून जाणारं, पाय जवळ पडेपर्यंत दिसतच नाही. त्याच्यासाठी पोटरीपर्यंतचा जाड बूट खूप काही करतो. चिलखत नव्हे हं, घोणस मोठी असेल तर खात्री कोणी देऊ नये, पण अनवाणी पाय आणि बूट यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घोट्यापर्यंतचे आखूड बूट हल्ली स्वस्तात मिळतात, ते गोठ्यापुरते ठीक, गवतात नकोत.

दुसरं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून जंतू पाण्यात येतो आणि पायावरच्या चिरेतून, भेगेतून आत शिरतो. चिखल्या झालेल्या पायाला तर दारं उघडीच. लावणीत बूट चालत नाही हे मान्य, तिथे मग पायावरची जखम झाकणं, घरी आल्यावर साबणाने पाय धुणं आणि आरोग्य केंद्रवाले देतात ती डॉक्सीसायक्लीनची गोळी, ती पण त्यांनी सांगितली तशीच. पण गोठा आणि पाणंद तरी बुटातून करा ना.

तिसरं लोकांना पटकन सुचत नाही. माकडताप. 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा आजार 2016 पासून आपल्या दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला आला, आणि तो पसरतो गोचिडीतून, तोही साधारण डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत. म्हणजे नेमका काजूचा सीझन. पावसाळ्यापुरते घेतलेले बूट दिवाळीनंतर माळ्यावर टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, काजू वेचायला जाताना पण बूट हवेत आणि पँट बुटाच्या आत खोचलेली हवी. आता गंमत बघा, फवारणीला नेमकं उलटं, तिथे पँट बुटाच्या बाहेर, नाहीतर औषधाचा ओघळ थेट बुटात जातो आणि दिवसभर पाय त्यातच भिजत राहतो.

बरं, आता दुकानात चला. जाताना जे मोजे घालणार तेच जाड मोजे सोबत न्या आणि संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगतो, तो खरा माप. बूट घाला, उभे राहा, नुसते बसून बघू नका. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे, उतारावर पाय पुढे सरकतो तेव्हा नखं मार खातात. टाच चालताना किंचित उचलली जाते, गमबुटाला लेस नसते त्यामुळे तेवढं होणारच, पण पाय आत खुळखुळत असेल तर एक नंबर कमी बघा. दुकानाची पायरी दोन-चार वेळा चढा-उतरा, उकिडवे बसा. उकिडवं बसल्यावरच कळतं वरची कड पोटरीत रुतते का, आणि शेतातलं निम्मं काम उकिडवंच असतं की. आतला तळवा सपाट पुठ्ठ्यासारखा असेल तर शे-दीडशेचा वेगळा इनसोल घालून बघा, मला तर वाटतं अख्ख्या बुटावर हजार जास्त घालण्यापेक्षा हा खर्च आधी करावा.

मटेरियलचं थोडक्यात सांगतो. चारेकशेला मिळतो तो बहुतेक पीव्हीसी. वाईट नाही, शेणामुताला, तेलाला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण कडक असतो आणि जिथे घोट्याला घडी पडते तिथेच एक दिवस चिरतो. म्हणून घेतानाच बूट घोट्यापाशी जोरात दुमडा, घडीवर पांढरी रेघ उमटून तशीच राहिली तर तो ठेवून द्या. खरं रबर नरम, पायाला सुखाचं, पण जड आणि महाग, आणि पॉवर टिलरच्या डिझेलने ते फुगतं. रबरावर कधीकधी पांढरट भुकटी दिसते, ती बुरशी नव्हे आणि माल जुना म्हणून पण नव्हे, रबरातलीच द्रव्यं वर येतात, ओल्या फडक्याने पुसलं की जातं. हा रबरी बूट मुळात शेतकऱ्यासाठीच होता बरं का, हायरम हचिन्सन नावाच्या अमेरिकनाने चार्ल्स गुडइयरकडून पेटंटचे हक्क घेऊन 1853 साली फ्रान्समध्ये कारखाना टाकला, तिथले शेतकरी तेव्हा लाकडी खडावांतून चिखल तुडवत होते. परदेशी पॉलियुरेथेनचे हलके बूट पण असतात, काही हजारांत जातात, दिवसभर डेअरीत उभे असाल तरच विचार करा. आणि ग्रासकटर चालवणार असाल तर पुढे लोखंडी टोपी असलेलाच घ्या, तिथे पैसे वाचवू नका. आतल्या छापात आयएसआयचा शिक्का आहे का तेही बघून घ्या.

आणि शिकार? बंदुकीची शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, तो विषयच नको. पण पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन जी मंडळी व्हाळाला म्हणजे ओढ्याला उतरतात ती कुर्ल्यांची (खेकड्यांची) शिकार, ती काही कोणी सोडत नाही. तिथे गमबूट व्हाळापर्यंतच. शेवाळलेल्या कातळावर पीव्हीसीचा कडक तळ साबणासारखा सटकतो, आणि पाणी वरून आत शिरलं की पाय उचलवत नाही, वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि लोंढा आला तर पळणार कसे? काठापर्यंत बूट, कारण गवतातून रात्री जायचंय, आणि पाण्यात उतरायला पट्ट्याची प्लॅस्टिकची सँडल. जाणते लोक तसंच करतात.

घरी आल्यावर आतून बाहेरून धुवायचे, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, सावलीत उलटे टांगायचे. चुलीपाशी ठेवू नका, कडकडीत उन्हात पण नको, दोन्हीने चिरतात. सकाळी घालताना आधी उलटा करून आपटायचा, विंचवाला अशी अंधारी जागा फार आवडते. बारीक भोक कुठे आहे कळत नसेल तर बुटात पाणी भरा आणि कोरड्या फरशीवर ठेवा, ओल सांगेल. रबराच्या बुटाला सायकलच्या पंक्चरवाल्याचा पॅच मस्त बसतो, आधी घासून घ्यायचं. पीव्हीसीला तो सोल्यूशन धरत नाही, त्याला पीव्हीसीचाच गोंद लागतो. पार गेलेच तर घोट्याखाली कापा, गोठ्यात घालायला सपाता तयार.

एक गोष्ट मात्र राहतेच. शेतात जास्त बायका, आणि दुकानात लटकलेले बूट सात नंबरपासून पुढे. चार-पाच नंबर मागितला की शाळेतल्या पोरांचे रंगीत बूट पुढे करतात, त्यांचा तळवा पातळ आणि उंची कमी. मोठ्यांच्या बुटांत लहान नंबर बनतात, दुकानदार मागवत नाही एवढंच. तेव्हा मे महिन्यातच वाडीतल्या सगळ्यांचे नंबर एका कागदावर लिहून दुकानात द्या, दहा जोड्यांची ऑर्डर असली की तो पण नाही म्हणत नाही.